ओलाव्याचे माप

(संस्थेच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत धान्य समितीच्या वतीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी येथे संगीतावर, संतवाङ्मयावर आणि भोपाळातील मराठी वस्तीच्या इतिहासावर उत्तम भाषणे झाली. त्यांच्या मागोमाग धान्य समितीला बोलण्यास सांगितले, तेव्हा आमच्यापैकी काहींना संकोच वाटला. गव्हाची पोती, सुतळी आणि काटा यांत रमणाऱ्या माणसांनी बोलावे काय? परंतु अध्यक्षांनी स्पष्टच सांगितले, की तुम्ही त्या यंत्राची हकीकत सांगा. ती सांगणे म्हणजे आमची एक चूक चारचौघांत कबूल करणे होय. ती कबूल करण्यास उत्सवाचा प्रसंग बरा की वाईट, हे आपण ठरवावे.

आपल्या समितीचे काम बहुतेकांस ठाऊक आहे. १९५६ साली नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे आपले बिऱ्हाड घेऊन या तळ्यांच्या गावी उतरली. त्या पिढीच्या घरांत चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू भरण्याची रीत होती, आणि येथे येऊन ती अधिकच पक्की झाली, कारण सीहोर-विदिशेचा शरबती गहू दारात येऊन पडत होता. पुढे त्याच रीतीतून संस्थेने एकत्र खरेदी सुरू केली. वसतिगृहाची कोठी, विधवा भगिनींच्या घरचे धान्य आणि ज्यांना हवे त्या सभासदांचा गहू एकाच वेळी घ्यावा, म्हणजे भाव बरा मिळतो. संस्थेच्या जुन्या खातेवह्या उघडल्या तर लिहिणारे किलोत लिहीत, पण समासात कोणीतरी सवयीने मण आणि शेर यांचा हिशेब मांडून पाहिलेला आढळतो. १९५६ च्या कायद्याने आलेली मेट्रिक मापे १९५८ पासून बाजारात उतरली खरी, परंतु जिभेवरचा शेर उतरण्यास आणखी एक पिढी गेली.

त्या काळी गहू वाळला आहे की नाही हे पाहण्याचे साधन म्हणजे दात. अनुभवी मंडळी पोत्यात कोपरापर्यंत हात घालीत, आत गारवा लागतो का ते पाहत, मूठभर दाणे काढून खुळखुळवत आणि एक दाणा दाताखाली धरत. कडकन वाजला तर गहू खडखडीत वाळलेला. दबला तर सर्द. हा दाखला चुकतच नसे असे नाही. मात्र त्यात एक गुण होता, तो असा की विकणारा आणि घेणारा या दोघांनाही दात होते. ज्याचा वाद असेल त्याने स्वतः दाणा चावून पाहावा.

यंत्र आले आणि हा गुण गेला. डब्यात धान्य ओतावे, कळ दाबावी, काचेवर आकडा उमटतो, आणि त्या आकड्याशी शेतकऱ्याला वाद घालता येत नाही.

आता हा आकडा येतो कोठून, हे थोडक्यात सांगतो. धान्यातले पाणी यंत्राला दिसत नसते. ते धान्याचा एक विद्युत्-गुणधर्म मोजते. पाण्याचा विद्युत्-अपार्यांक ८० च्या आसपास असतो आणि कोरड्या धान्याचा अगदी थोडा, दोन ते चारच्या घरात. त्यामुळे डब्यातील दोन पत्र्यांमध्ये धान्य भरले की पाणी जितके जास्त तितकी त्या जोडीची विद्युत् साठवण्याची शक्ती वाढते. यंत्र ही शक्ती मोजते आणि पोटातल्या कोष्टकावरून तिचे टक्के करते. म्हणजे हे एक प्रकारचे अनुमान झाले. धूर पाहून अग्नी ओळखावा तसे. आणि अनुमानाला जितक्या वाटा फुटतात तितक्या चुका होतात. धान्य हलक्या हाताने ओतले तर एक आकडा, ठोकून बसवले तर दुसरा. गव्हाच्या ठिकाणी हरभऱ्याची कळ दाबली तर तिसराच. वरून पावसाचा शिपका बसलेला आणि आतून कोरडा दाणा यंत्राला चकवतो. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे ऊन: धान्य तापलेले असले की ही यंत्रे, तपमानाची दुरुस्ती केली नाही तर, ओलावा आहे त्याहून जास्त दाखवतात.

खरा ओलावा कळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे पाणी प्रत्यक्ष काढून पाहणे. अमेरिकेच्या कृषिखात्यातील ब्राउन आणि डूव्हेल या दोघांनी १९०७ च्या सुमारास धान्य तेलात तापवून त्यातून निघालेली वाफ थंड करून नळीत पाणी मोजण्याची युक्ती काढली, आणि पुढे अनेक वर्षे तिकडचा धान्यव्यापार तिच्यावर चालला. आज प्रयोगशाळेत भट्टीची रीत वापरतात. गहू दळून, काटेकोर तोलून, सुमारे १३० अंशांच्या भट्टीत दोन तास ठेवायचा, कोरड्या हवेच्या भांड्यात गार करायचा आणि पुन्हा तोलायचा. जे वजन गेले ते पाणी. आपल्या भारतीय मानक संस्थेच्या मानकांतही अन्नधान्यासाठी ही भट्टीची रीत दिलेली आहे. परंतु मंडीत ट्रॉली उभी असताना दोन तास भट्टीपाशी कोण थांबणार? म्हणून यंत्र हवेच. आमचा यंत्राला विरोध नाही, हे येथेच सांगून ठेवतो.

आता आमची हकीकत.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनाच्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला होता. सगळ्यांच्या मनात गहू ओला असेल अशी धास्ती होती. एका सभासदाने संस्थेला ओलावा मोजण्याचे यंत्र भेट दिले होते, ते आम्ही कौतुकाने कार्यालयाच्या गार खोलीत कपाटात ठेवले होते. सीहोरकडचा एक शेतकरी, वर्षानुवर्षे आपल्याकडे गहू आणणारा, दुपारी ट्रॉली घेऊन आला. साठ क्विंटल माल होता. आम्ही चाळीस घेणार होतो. ट्रॉली उन्हात उभी, गहू हाताला चांगला गरम लागत होता. आम्ही यंत्र बाहेर आणले, डबा भरला, कळ दाबली. आकडा आला १३.४.

आमचा ठराव १२ टक्क्यांचा. सरकारी गहूखरेदीतही १२ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १४ पर्यंत जितका ओलावा जास्त तितकी किमतीत काट, आणि १४ च्या वर माल नापसंत, असा दंडक आहे. आम्ही तोच धरून १.४ टक्के काट केली. शेतकऱ्याने दाणा चावून दाखवला. म्हणाला, "बाबूजी, वाजतो आहे हा. तुम्हीच चावून पाहा." आम्ही चावला नाही. आमच्यापैकी एक जण हसून म्हणाला, "भाऊ, दात खोटे बोलतात, यंत्र बोलत नाही." हे वाक्य बोलणारा आज या व्यासपीठावरच बसलेला आहे, त्याने ते येथे सांगण्याची परवानगी दिली आहे.

चाळीस क्विंटलांवर १.४ टक्के म्हणजे ५६ किलो गहू. त्या वर्षीच्या भावाने ते पैसे आम्ही कापले. उरलेला वीस क्विंटल त्याने जवळच्या एका व्यापाऱ्याला दिला. व्यापाऱ्याने स्वतः काहीच मोजले नाही. "संस्थेच्या यंत्रावर किती आला?" एवढेच विचारले आणि तितकीच काट केली. आपल्या संस्थेच्या नावाला बाजारात असलेली पत अशी कामी आली.

प्रत्येक खरेदीचा नमुना घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवण्याची आमची पद्धत होती, तीच आम्हांस पुढे उपयोगी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी सहज त्याच बरणीतला गहू पुन्हा मोजला. आकडा आला १२.१. रात्रीत बंद बरणीतून सव्वा टक्का पाणी कोठे गेले? तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यातील एक सभासद प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी तो नमुना नेऊन ओळखीच्या ठिकाणी भट्टीत तपासून आणला. खरा ओलावा निघाला ११.३ टक्के. म्हणजे १.३ टक्क्यांची चूक उन्हाची, ती आमच्या अज्ञानाची. आणि राहिलेली ०.८ यंत्राची स्वतःची. यंत्राबरोबर तपमानाच्या दुरुस्तीचा तक्ता आला होता, तो वेष्टनासकट रद्दीत गेला होता. आणि ते यंत्र विकत घेतल्यापासून एकदाही कोणत्याही प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिलेले नव्हते.

याच कार्यालयातील वजनकाट्यावर मात्र नापतौल विभागाची मोहोर होती. तिमाहीचे अक्षर आणि वर्ष, दोन्ही ठळक. वजनात दहा ग्रॅमची चूक होऊ नये म्हणून आम्ही दरवर्षी फी भरून काटा तपासून घेत होतो आणि त्याच व्यवहारात छप्पन किलो एका बिनमोहोरेच्या डब्याच्या शब्दावर कापत होतो.

मापावर राजाची मोहोर असावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. त्याने वजने व मापे करवून घ्यावी, दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर मुद्रा करावी, आणि बिनमुद्रेचे माप वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड करावा, अशी तेथे व्यवस्था आहे. आज आपल्याकडे २००९ चा वैधमापन कायदा आहे. तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. देवघेवीत वापरायचे माप वापरण्यापूर्वी पडताळून मुद्रांकित करून घेतले पाहिजे हे त्याचे मुख्य सूत्र. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा, साध्या लोखंडी वजनांची दोन वर्षांतून एकदा.

मग ओलावामापक मागे का राहिला? काटे, वजने, पेट्रोल पंपाची यंत्रे यांच्यासाठी नियमांत सविस्तर परिशिष्टे आहेत: किती चूक चालेल, कशी तपासावी, मोहोर कोठे मारावी. ओलावामापकासाठी तसे स्वतंत्र परिशिष्ट अनेक वर्षे नव्हते. निरीक्षकाने तपासायचे ते कशाशी ताडून? यात सरकारी दिरंगाई असेलच, पण विषयाची अडचणही खरी आहे. लोखंडाचे किलोचे वजन रांचीत किलो आणि भोपाळातही किलो. १२ टक्के ओलाव्याच्या गव्हाचा प्रमाण नमुना मात्र एप्रिलमध्ये बरणीचे झाकण उघडे राहिले तर संध्याकाळपर्यंत १२ टक्क्यांचा राहत नाही. येथे प्रमाण वस्तूच जिवंत आहे, ती हवेबरोबर श्वास घेते. शिवाय एका धान्यासाठी बरोबर असलेले यंत्र दुसऱ्यासाठी चुकू शकते. म्हणून प्रत्येक धान्याचे, कोरडे, मध्यम आणि ओलसर असे निरनिराळे नमुने भट्टीने निश्चित करून, घट्ट बंद करून, वेळेवर वापरावे लागतात. अमेरिकेत राज्यांचे वजनमाप निरीक्षक ओलावा निश्चित केलेले नमुने घेऊन धान्यकोठारांत जातात आणि तेथील यंत्रे त्यांवर ताडतात. फ्रान्स आणि जर्मनीतही धान्यव्यापारातील ओलावामापक कायद्याच्या पडताळणीत आहेत. वैधमापनाची जी आंतरराष्ट्रीय संघटना १९५५ साली स्थापन झाली आणि जिचा भारत दुसऱ्याच वर्षी सभासद झाला, तिची ५९ क्रमांकाची शिफारस खास धान्य व तेलबियांच्या ओलावामापकांसाठी आहे. तिची सुधारित आवृत्ती २०१६ ची.

अलीकडच्या वर्षांत आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही याच धर्तीवर नियमांचा मसुदा केला आणि त्यावर उत्पादक, प्रयोगशाळा व ग्राहकसंस्था यांच्याशी विचारविनिमय केला. २०२५ साली सरकारमान्य चाचणी केंद्रांनी पडताळावयाच्या उपकरणांची यादी वाढवण्यात आली, तीत ओलावामापकही आला. आम्हांस हे फार महत्त्वाचे वाटते. निरीक्षकाकडे भट्टी, सूक्ष्म तराजू आणि दहा धान्यांचे नमुने असावेत ही अपेक्षा प्रत्येक जिल्ह्यात पुरी होणे कठीण. पण सुसज्ज प्रयोगशाळांना अधिकार दिले तर काम पुढे सरकते. आपल्या भोपाळात तर नबीबागेत १९७६ पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. धान्य आणि यंत्र या दोहोंची जाण असलेली माणसे शोधण्यास आपल्या शहराला बाहेर जावे लागत नाही. आणि करोंदची मंडी २०१६ साली राष्ट्रीय ई-बाजाराच्या पहिल्या तुकडीत होती. दूर बसलेला व्यापारी संगणकावर प्रत पाहून बोली लावणार असेल तर त्याला दिसणारा ओलाव्याचा आकडा सगळीकडे एकाच मापाने मोजलेला असला पाहिजे. नाही तर तो बाजार एकच आहे असे म्हणता येणार नाही.

टक्क्याची किंमत किती, हे सोयाबीनवाल्यांना विचारावे. त्याच्या आधारभूत खरेदीत १२ टक्क्यांची मर्यादा असते आणि काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस असतो. २०२४ च्या नोव्हेंबरात शेतकऱ्यांची ओरड इतकी झाली, की केंद्राने त्या हंगामापुरती ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. त्या वर्षी सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. १२.१ आकडा आला म्हणून परत गेलेली गाडी आणि ११.९ आला म्हणून घेतलेली गाडी, यांत खऱ्या ओलाव्याचा फरक नसून दोन यंत्रांचा फरक असू शकतो. वाटेतले भाडे, हमाली आणि दोन दिवस शेतकऱ्याच्या अंगावर.

व्यापाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे भाषण एकतर्फी होईल. पाण्याला धान्याचा भाव देण्यास कोणी बांधलेला नाही. शंभर किलो गव्हात १४ टक्के ओलावा असेल तर कोरडा भाग ८६ किलो. तोच गहू १२ टक्क्यांवर वाळला की वजन सुमारे ९७.७ किलो भरते, म्हणजे सव्वादोन किलोंहून थोडे अधिक जाते. "टक्क्याला किलो" ही बाजारातील काट हिशेबाने पाहता किंचित कमीच आहे. आणि ओला माल कोठीत गेला तर नुकसान वजनापुरते राहत नाही. १४ च्या वर गेलेल्या धान्यात बुरशी धरते, पोते आतून तापते, सोंडे किडे वाढतात. वसतिगृहाच्या कोठीत एका पावसाळ्यात कोपऱ्यातील पाच पोती अशी उबली होती. मुलांनी पोळीला वास येतो म्हणून तक्रार केली, आणि आमच्या वहीत त्या पोत्यांपुढे ११.८ हा आकडा अभिमानाने लिहिलेला होता. तेव्हा आम्ही तो दोष कोठीच्या भिंतीला दिला. आता वाटते, तेच यंत्र त्या वर्षी थंड सकाळी उलट बाजूस चुकले असेल. दोन्ही वेळा त्याच्यावर विश्वास ठेवणारे आम्हीच.

आता त्या शेतकऱ्याचे काय झाले, ते सांगतो, कारण मंडळी ते विचारणारच. आमच्यापैकी तिघे कापलेली रक्कम घेऊन त्याच्या गावी गेलो. त्याने चहा दिला, यंत्राची सगळी हकीकत शांतपणे ऐकली, आणि पाकीट आमच्याकडे परत सरकवले. त्याचे म्हणणे असे होते, की हे चाळीस क्विंटलांचे झाले. तुमच्या आकड्यावर वीस क्विंटलांची जी काट झाली ती कोण देणार? आम्ही ती रक्कम संस्थेतर्फे देऊ म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "बाबूजी, ते पैसे तुमच्याकडे आलेच नाहीत, तुम्ही का देता? तुम्ही असे करा, कागदावर लिहून द्या की गहू सव्वाअकराचा होता. मी तो त्यांना दाखवतो." आम्ही संस्थेच्या शिक्क्यानिशी लिहून दिले. मग त्याने आपले चाळीस क्विंटलांचे पैसे घेतले. कागदाचा पुढे उपयोग झाला नाही. त्या व्यापाऱ्याने तुमचा व्यवहार संपला म्हणून सांगितले. शेतकरी दुसऱ्या वर्षी आपल्याकडे आला नाही. तिसऱ्या वर्षी आला.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. यंत्र खोलीत न ठेवता खरेदीच्या ठिकाणी सावलीत दोन तास आधी आणून ठेवतो. ट्रॉलीतील गहू चार ठिकाणांहून काढून सुपात पसरून गार होऊ देतो. तीनदा मोजतो आणि तिन्ही आकडे विकणाऱ्यासमोर वहीत लिहितो. तो हवे तर सही करतो. १२ च्या वर अर्ध्या टक्क्यापर्यंत काट करीत नाही, कारण तेवढी शंका यंत्राचीच असू शकते. त्याहून जास्त आला आणि शेतकऱ्याने आक्षेप घेतला, तर नमुन्याच्या दोन बरण्या लाखेने बंद करतो, एक त्याच्याकडे, एक आमच्याकडे; भट्टीचा निकाल येईपर्यंत काटेची रक्कम बाजूला राहते. हंगामापूर्वी दरवर्षी भट्टीने तपासलेल्या तीन नमुन्यांवर यंत्र ताडून घेतो आणि चूक किती निघाली ते चिठ्ठीवर लिहून यंत्रालाच चिकटवतो. ही चिठ्ठी म्हणजे सरकारी मोहोर नव्हे, हे आम्ही जाणतो. ज्या दिवशी भोपाळात ओलावामापकाचे रीतसर मुद्रांकन होऊ लागेल, त्या दिवशी पहिल्या रांगेत आपल्या संस्थेचे यंत्र असावे अशी आमची इच्छा आहे, आणि त्या फीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी असा ठराव समितीने विश्वस्त मंडळाकडे पाठवला आहे. अध्यक्ष येथेच आहेत, म्हणून त्यांस आठवण करून देतो.

सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यात यंत्र, दोन बरण्या आणि एक सूप मांडून ठेवले आहे. एका बरणीतला गहू दुपारभर गच्चीवर उन्हात होता, दुसरीतला त्याच पोत्यातला, पण माठाशेजारी सावलीत. चहापूर्वी ज्यांना पाहायचे असेल त्यांनी दोन्ही मोजून पाहावे. एकेक दाणा चावून पाहण्यासही हरकत नाही. गहू धुतलेला आहे आणि चांगला वाळवलेला आहे.